ग वरून गुण्या

ग्रंथालयाच्या बालविभागात नवी फडताळे बसवण्याचे काम सुताराकडे आले, तेव्हा घरात शिरता शिरताच त्याने बायकोला सांगितले, "उद्यापासून ढलपीला बरोबर नेतो. तिथे सुट्टीभर मुलांसाठी वाचन असतं, खेळ असतात, आणखी काय काय शिकवतात. मी माझं काम करीन, ती तिचं करील."

ढलपी म्हणजे त्याची अकरा वर्षांची मुलगी. रांगत्या वयात ती कामाच्या जागी लाकडाच्या ढलप्यांत लोळायची, त्यावरून हे नाव पडले आणि चिकटले.

बालविभागातली सकाळ ठरलेली असे. आधी दोन तास ज्याने त्याने आपले पुस्तक वाचायचे. मग कोपऱ्यात बुद्धिबळाचे पट मांडले जात, खिडकीपाशी रंगीत कागदांच्या घड्या घातल्या जात, आणि शेवटी सगळे ज्याची वाट पाहत तो शब्दखेळ सुरू होई. तो घेत असत सर. चाळीस वर्षे भाषा शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ स्वभावाने प्रेमळ होते, पण शब्दाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही भीड ठेवणारे नव्हते. मुलांचे चार गट, फळ्यावर त्यांचे गुण, आणि फळ्याशेजारी सरांच्या वळणदार अक्षरातला नियम: 'शब्दाविषयी शंका निघाल्यास तो या ग्रंथालयातील कोणत्याही पुस्तकात दाखवावा. मुदत सात दिवस.'

सुताराच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी अक्षरांच्या डब्यातून चिठ्ठी निघाली ती 'ग'ची. वस्तूचे नाव सांगायचे, आधी कुणी सांगितलेले चालणार नाही. गादी झाली, गोणी झाली, गज झाला, गळ झाला. तीन फेऱ्यांत सोपे शब्द संपले आणि पाळी ढलपीवर आली.

"गुण्या," ती म्हणाली.

खोलीभर हशा पिकला. समोरच्या गटाचा म्होरक्या, चष्मेवाला, उभाच राहिला. "सर, आमच्या शेजारच्या बाळाला गुण्या म्हणतात! विशेषनाम बाद!"

"वस्तूचं नाव सांगायचं होतं, मुली," सर म्हणाले. "माणसाचं नव्हे."

"वस्तूच आहे, सर. काटकोन बरोबर आहे का ते बघायची. बाबांकडे आहे."

सगळ्या माना भिंतीलगतच्या घोड्याच्या शिडीकडे, तिच्यावर उभ्या असलेल्या सुताराकडे वळल्या. सुताराच्या एका हातात फडताळाची पट्टी होती, दुसऱ्यात हातोडी, आणि ओठांत खिळ्यांसारख्या तीन बारीक चुका धरलेल्या. त्याने नुसतेच हुं केले. तोवर सरांनी शब्दकोश उघडून बोट खाली आणलेही होते. "गुणोत्तर... गुण्यागोविंदाने. हा सापडला बघ. म्हणजे तुझा गुण्या एकटा फिरत नाही. गोविंदाला घेऊनच येतो."

पुन्हा हशा. सरांनी हात वर केला. "पुरे. नियम सगळ्यांना सारखा आहे. सात दिवसांत पुस्तकात दाखव, मी गुण देतो."

सुतार पट्टीकडे वळला. मुले हसली याचे त्याला काही वाटले नाही, मुले हसायचीच. पण जो शब्द त्याने रोज वीस वेळा उच्चारला, ज्याच्या भरवशावर आजवर शेकडो दारे-खिडक्या उभ्या केल्या, तो त्या जाडजूड पुस्तकात नाही म्हणजे काय? बापाच्या तोंडचा शब्द मुलीला चारचौघांत तोंडघशी पाडतो, हे त्याला बोचत राहिले. उद्यापासून घरातले शब्द ही पोरगी घरातच ठेवील, बाहेर निघताना चपला बदलाव्यात तसे बदलील, अशी धास्ती त्याच्या मनात बसली.

रात्रीच्या जेवणाला बायकोने ते सगळे ऐकून घेतले. "आणि तुम्ही काय केलंत?"

"माझ्या तोंडात चुका होत्या."

"तुमच्या तोंडात चुका, आणि चुकीची ठरली ती! थुंकायच्या होत्या तिथेच."

"पुस्तकावर?"

"सरांच्या टेबलावर," ती म्हणाली, आणि ढलपीला इतके हसू आले की तिला ठसका लागला.

पुढचे तीन दिवस ढलपीने गोष्टीच्या पुस्तकांना हात लावला नाही. बांधकाम, घरे, पूल, यंत्रे, जे हाताला लागेल ते ती चाळत होती. चौथ्या दिवशी डबा खाताना तिने एक जुने, पिवळ्या पानांचे हस्तव्यवसायाचे पुस्तक बापापुढे धरले. चित्रात हुबेहूब तोच गुण्या होता. खाली छापले होते: काटकोन्या.

सुताराने हात पुसून तो शब्द नीट वाचला. "मग झालं की. उद्यापासून काटकोन्या म्हण. पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार."

"तुम्ही म्हणता का?"

"मला सवय नाही ग."

"मग कोण म्हणतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कुणीच नाही. काटकोन्या आण म्हटलं तर माझा जोडीदार मला ऊन लागलं समजून पाणी घेऊन येईल."

"मग मी एकटीनेच का म्हणायचं?"

त्याने पुस्तक मिटून ठेवले. "आज दुपारपुरता गुण्या द्या," असे तिने म्हटले तेव्हा त्याने तो पिशवीतून काढून दिला. "पाडू नकोस. पडला की बिघडतो."

दुपारी खिडकीतून त्याला ती दिसली. फाटकापाशी कुंपणाची भिंत बांधणाऱ्या गवंड्यासमोर ती उभी होती. गुण्या तिने नुसता वर धरला होता; तोंडातून अक्षर काढले नव्हते. गवंडी काहीतरी बोलला, तशी तिने वहीत लिहिले. मग ग्रंथपालबाई तिला घेऊन रस्त्यापलीकडे गेल्या, जाळ्या जोडणाऱ्या वेल्डरकडे, तिथून तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या मावशींकडे, आणि मग आणखी दोन कारागिरांकडे.

संध्याकाळी तिने बापालाच बसवले. रंधा, पटाशी, गिरमिट, कानस, पाचर... "पाचर कधी मारतात? पटाशीने नक्की काय करतात? पुढचा सांगा." तो सांगत गेला. सांगता सांगता एका लाकडाचे कुसू दुसऱ्या लाकडाच्या खाचेत कसे घट्ट बसते, हे त्याने पोळीचे तुकडे करून दाखवले. तिसऱ्या रात्री ढलपीने मोजदाद केली. एकसष्ट शब्द झाले होते. इतकी पुंजी आपल्यापाशी आहे, हे त्याला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळत होते. बायको म्हणाली, "आता तुमचा भाव वाढणार," आणि त्याने ते हसण्यावारी नेले. पण त्या रात्री तो अंथरुणावर पडल्या पडल्या आणखी दोन शब्द आठवून उठला.

सातव्या दिवशी सकाळीच ढलपी ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी गेली. तिच्या हातात दोऱ्याने शिवलेले पुठ्ठ्याचे पुस्तक होते. "ग्रंथालयाला भेट द्यायचंय," ती म्हणाली.

बाईंनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिले, घाई न करता. मग दाखल नोंदवही ओढली, क्रमांक टाकला, पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का मारला आणि विचारले, "लेखिका म्हणून तुझं नाव घालू?"

"हो. पण शब्द बाबांचे आहेत."

"ते कंसात घालते," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि त्यांनी तसे लिहिले. दहा हातांवर पट्टी मोजत असलेल्या सुताराचे माप चुकले. त्याने ते पुन्हा घेतले, पुन्हा चुकले.

शब्दखेळाच्या वेळी ढलपीने पुस्तक सरांसमोर ठेवले. "सर, पान बारा. गुण्या."

सरांनी आधी शिक्का पाहिला, मग अक्षर ओळखले. "हे तू लिहिलंस."

"हो सर. ते या ग्रंथालयातलं पुस्तक आहे. दाखल झालंय."

"सर, ही तर चीटिंग आहे!" चष्मेवाला ओरडला. "मग मीपण घरी जाऊन काहीही लिहून आणतो!"

"त्याचं म्हणणं खोटं नाही," सर म्हणाले. "आपल्या खटल्यात आपणच साक्षीदार व्हायचं, हे कसं चालेल?"

"साक्षीदार शेवटच्या पानावर आहेत, सर. मी त्यांना शब्द सांगितला नाही. वस्तू दाखवली आणि याला काय म्हणता एवढंच विचारलं. एकेकाला वेगवेगळं."

सरांनी शेवटचे पान उघडले. तिथे पाच जणांची उत्तरे आणि सह्या होत्या. चौघांनी गुण्या म्हटले होते. तसबिरीवाल्या मावशींनी नुसते 'कोन्या' म्हटले होते, आणि ढलपीने तेही जसेच्या तसे उतरवले होते. त्याखाली जुन्या पुस्तकातला 'काटकोन्या' होता, पृष्ठ क्रमांकासह.

"हे विरुद्ध जाणारं कशाला लिहिलंस?" सरांनी विचारले. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

"त्या तसं म्हणाल्या, सर."

सर बराच वेळ पाने उलटत राहिले. मुले चुळबुळू लागली. शिडीवर सुताराची हातोडी थांबली होती. एकाएकी सर मोठ्याने हसले आणि वाचू लागले, "'चूक: बारीक, छोटा खिळा. ही ठोकतात, सुधारत नाहीत.'" चष्मेवाल्यालाही हसू आवरले नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ऐका. शब्दकोश करणारे असंच करतात. दारोदार जातात, विचारतात, आपल्याला आवडणारं आणि न आवडणारं सारखंच लिहून घेतात. काहीही लिहून आणणं वेगळं आणि हे वेगळं. आपला शब्दकोश जाड आहे, पण ज्यांनी तो केला ते बहुधा सुताराकडे पोचले नाहीत." ते उठले, फळ्यापाशी गेले आणि ढलपीच्या गटाच्या नावापुढे एक गुण मांडला. मग खडू हातातच ठेवून ते शिडीकडे वळले.

"सुतारकाका, एक शंका आहे. गुण्या काटकोन तपासतो, कबूल. पण गुण्याच बिघडला असेल, तर ते कशावरून कळतं?"

आज सुताराच्या तोंडात काही नव्हते. तो खाली उतरला, हात पँटला पुसून त्याने पिशवीतला गुण्या काढला आणि खडू घेतला. फळ्याची खालची कड सरळ आहे ना, ते त्याने आधी एक डोळा मिटून पाहिले.

"गुण्या कडेला टेकवायचा," तो म्हणाला. "अशी उभी रेघ मारायची. आता तोच उलटा करायचा आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ. दोन्ही एकमेकींवर बसल्या, तर गुण्या खरा. फाकल्या, तर खोटा. आणि गंमत म्हणजे, दोष जेवढा असतो त्याच्या दुप्पट फट दिसते. म्हणून लपत नाही."

"दुप्पट का?" चष्मेवाल्याने विचारले. तो उठून फळ्याजवळ आला होता.

"कारण एकदा तो या बाजूला चुकतो, आणि उलटवला की तेवढाच त्या..."

"बाबा, थांबा," मागून ढलपी म्हणाली. तिने दाखल झालेले पुस्तक पुन्हा उघडून शेवटी कोरी ठेवलेली पाने काढली होती. "हळू सांगा. लिहून घेते."

सुतार थांबला. बारा मुले, सर आणि दारात उभ्या ग्रंथपालबाई, सगळे त्याच्याकडे पाहत होते. मुलीची पेन्सिल ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत तो खडू धरून ताठ उभा राहिला, आणि मग पुढचे वाक्य त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितले.