चरख्याचा झेंडा

मी एक जुना झेंडा आहे, स्वातंत्र्याच्याही आधीचा. मित्रांनो, तुमच्या पुस्तकातल्या तिरंग्यावर चक्र असते. माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर चरखा होता. होता म्हणतो, कारण आज तो नाही, आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

पनवेलजवळच्या गव्हाणला एका कोळ्याच्या घरी माझा जन्म झाला. बेचाळीस साली काशिराम प्रभातफेरीला निघाला, तेव्हा त्याच्या नव्या नवरीने, गंगाबाईने, खादीचे तीन पट्टे जोडले आणि निळ्या दोऱ्याने चरखा भरला. बिचारीने चरखा कधी पाहिलाच नव्हता! त्यामुळे तो जरासा खेकड्यासारखा दिसे. लोक हसले, पण काशिरामने मला गावभर मिरवले. पुढे देश स्वतंत्र झाला, झेंड्यावर चरख्याच्या जागी अशोकचक्र आले आणि मी पेटीत गेलो. त्याचा मला राग नाही. गंगाबाई वारल्यावर काशिराम मला काढून त्या चरख्यावरून बोटे फिरवी. तिचा फोटो घरात नव्हता.

१९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली. गावच्या शाळेतल्या शशिकलाबाईंनी मुलांना दाखवायला मला मागितले. काशिराम हरखून गेला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि त्याची सून किशोरी होडीची फाटकी निशाणे शिवत बसली होती.

"याची बी शिवन उसवलीय, जरा नीट कर," म्हणत त्याने मला त्याच ढिगावर ठेवले.

किशोरी भारी कामसू. तिने मला उलगडले, नीट पाहिले आणि कात्री उचलली. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर!

शाळेत सगळ्यांसमोर काशिरामने माझी घडी उलगडली आणि त्याचे हात जागीच थांबले. मधोमध नवेकोरे चक्र होते.

"चरका कुठं हाय?"

"आबा, चित्र चुकलं व्हतं," सोबत आलेली किशोरी कौतुकाने म्हणाली. "शाळंत लाज नको, म्हनून बदललं. जुना तुकडा कुनाच्या पायाखाली येऊ नाय, म्हनून चुलीत घातला."

"तुज्या सासूच्या हातचा व्हता तो."

किशोरीचा चेहरा पांढराफटक पडला. काशिराम मात्र रागावला नाही, आणि तेच मला सोसवले नाही.

आता मी ना तेव्हाचा झेंडा, ना आत्ताचा. मित्रांनो, जुन्या वस्तू धुवा, शिवा, उन्हात घाला. पण त्या सुधारायला निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. किशोरीला विचारायचे सुचले नाही आणि काशिरामला सांगायचे. जीव तर दोघांचाही माझ्यावर होता.