बारा बहिणी

"बारा बहिणी डबीत निजल्या, मगच शिवणाऱ्या घरी निघाल्या," असं मावशी गुणगुणायची. तिच्या हाताखाली शिवण शिकताना दुकान बंद करायच्या आधी सुया मोजायच्या, एवढाच त्याचा अर्थ. बारा भरल्या, झाकण लागलं, की दिवस मिटला.

मावशीला जाऊन वर्षं लोटली. भाचीचा दिवस मात्र मिटेना. बारा मोजायच्या, झाकण लावायचं, पुन्हा उघडायचं. धाकट्या बहिणीच्या तान्हुलीसाठी शिवलेलं झबलं तिनं शिवणीत सुई राहिली असेल म्हणून चारदा उसवलं होतं. उसवून उसवून बोटं सोलवटली. मागच्या डॉक्टरांनी बोटांना मलम दिलं. बहीण तर बोलेनाशीच झाली.

आज या दुसऱ्या डॉक्टरीणबाई.

"सुया मोजण्यात किती वेळ जातो, ताई?"

"अर्धा तास जात असेल," नवरा म्हणाला. "तशी ती फार काळजी घेणारी हो. माझं बटणसुद्धा दोनदा शिवते."

काळजी घेणारी! ज्याला त्याला कौतुक, आणि इथे तिचा जीव मेटाकुटीला आलेला.

"तीन तास," ती म्हणाली.

नवरा वळला. "तीन? तू तर म्हणायचीस, काम संपत नाही."

"हेच काम संपत नव्हतं."

"बारा भरतात, तरी पटत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसतात बारा. पटत नाहीत."

"याला मंत्रचळ म्हणतात. तोच असावा असं वाटतंय. नक्की सांगायला अजून थोडं विचारावं लागेल."

नवरा हसला. "आम्ही तर हा शब्द चेष्टेत वापरतो."

"चेष्टेतला असला तरी आजार खरा आहे. त्यावर उपचारही आहेत. ताई, सुई राहिली तर काय होईल असं वाटतं?"

"बाळाला टोचेल." हे उत्तर तिनं सगळ्यांना दिलं होतं. त्यातलं निम्मं दर वेळी घशातच राहायचं.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "झबलं मी तपासून देतो. चष्मा लावून. मिटलं."

मिटलं म्हणे. तिनं सोलवटलेली बोटं पदरात गच्च आवळली.

"अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

इतक्या वर्षांत तिनं त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. तो उठला, दाराशी घुटमळला, गेला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घाई केली नाही.

"सुई चुकून राहील, ही भीती नाहीच डॉक्टर," ती खाली बघत म्हणाली. "माझाच हात ती मुद्दाम त्या झबल्यात खोचतोय, असं दिसतं मला. नको नको म्हटलं तरी दिसतं. म्हणून मी त्या बाळाला अजून मांडीवर घेतलेलं नाही."