बसून राहणाऱ्यांचा गट

गणिताला घाबरून वहिनीने जीवशास्त्र धरलं, तर जैवसंख्याशास्त्राचा मुखवटा चढवून तेच गणित दुसऱ्या वर्षाला आडवं आलं. लग्नात सुटलेलं शिक्षण तिने पुन्हा हाती घेतलं होतं आणि नणंद तिच्याच वर्गात होती. घरात नणंदेला बिट्टी म्हणत. आकडेमोडीत बिट्टीचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे प्रकल्पाला दोघींची जोडी ठरली तेव्हा वहिनीचा जीव भांड्यात पडला.

रोज चालणारी माणसं आणि बसून राहणारी माणसं, अशा दोन गटांचा रक्तदाब मोजायचा. फरक खरा की योगायोग, ते गणिताने ठरवायचं. चालणारे वहिनीकडे आले. सकाळी बागेत ती मशीन घेऊन बसे. कोणी हात पुढे करी, कोणी उडवून लावी. बसणारे बिट्टीकडे होते; तिचं काम मात्र चुटकीसरशी उरकलं.

सादरीकरणाला बाईंनी पडद्यावरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच वर्ग त्यांना टरकून असे.

"दुसऱ्या गटाचे आकडे सरासरीपासून किती पांगलेत?"

वहिनीने पाहिलं. चालणाऱ्यांचे आकडे वाटेल तसे विखुरलेले, बसणाऱ्यांचे सगळे एकशे तीसच्या अवतीभवती घुटमळणारे.

"फारसे नाहीत, मॅडम."

"जिवंत माणसं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. मोजलेत ना हे?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात वहिनीची नजर बिट्टीवर गेली. ती मान खाली घालून उभी, कान लालबुंद. 

"दोन मिनिटं द्याल, मॅडम?"

बाहेर व्हरांड्यात तिने बिट्टीचं मनगट धरलं. "खरं सांग."

"सुरुवातीचे मोजले गं. मग लोक दारं लावून घ्यायला लागले. उरलेले अंदाजाने भरले." "मशीन बिघडलं होतं म्हण ना. तुझ्यावर विश्वास ठेवतील त्या."

क्षणभर वहिनीला तेच करावंसं वाटलं. संध्याकाळी एकाच टेबलावर जेवायचं होतं. सुनेने लेकीला भर वर्गात उघडं पाडलं, असं झालं असतं.

"मी तुझं नाव घेणार नाही," ती म्हणाली, "पण खोटंही बोलणार नाही. आत चल. काय बोलायचं ते तू बोल."

दोघी आत गेल्या. बिट्टीने दोनदा घसा खाकरला आणि तिसऱ्यांदा सगळं सांगून टाकलं.

"प्रकल्प बाद. दोघींचा," बाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत पुन्हा मोजून आणा, मग बघू."

 बसमध्ये वहिनीनेच विचारलं, "अंदाजातले कोण कोण?"

"खालचे काका, समोरच्या मावशी..." बिट्टी खिडकीकडे वळली. "आणि आई."

"आपल्या आई?"

"घरातलीच तर आहे. म्हटलं, तिला काय होणार!"

सासूबाई भाजी चिरत होत्या. "आता हे काय खूळ?" म्हणत त्यांनी दंड पुढे केला. बिट्टीने पट्टा बांधला. आकडा चढला, चढतच गेला.

"पट्टा नीट बसला नसेल," बिट्टी पुटपुटली. थोडं थांबून वहिनीने दुसऱ्या हातावर मोजलं. तेच.

"आई, डोकं दुखतं का हल्ली?"

"ते काय, दुखतंच. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

वहिनीने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. "उठा. दवाखान्यात जायचंय."

"भाजी अर्धी—"

"राहू दे ती भाजी!" सासूबाईंवर तिने पहिल्यांदाच आवाज चढवला होता. त्या निमूट उठल्या.

डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. "वेळेत आणलंत. असंच चाललं असतं तर झटका आला असता."

बाहेरच्या बाकावर बिट्टी ओक्साबोक्शी रडली. "वहिनी, मी तिला एकशे अठ्ठावीस लिहिलं होतं."

वहिनीचा राग अजून गेला नव्हता.  तिने नुसता बिट्टीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

सकाळी सासूबाई घरी आल्या. त्या झोपताच बिट्टी मशीन घेऊन जिना उतरली. खालच्या काकांनी दार किलकिलं केलं, "आज नको," म्हणून लावायला लागले.

"काका, थांबते मी," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.