उकळायची राहिलेली सिरिंज

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. मला सुई म्हणू नका हं! सुई माझ्या तोंडाला लावतात, मी तिच्यामागची नळी. सध्या दौंडला कोर्टाच्या कपाटात असते. अंगावर लाखेचं सील, गळ्यात चिठ्ठी. गुन्हे माणसांनी करायचे आणि कोंडायचं मात्र आम्हाला, अशी मी आधी कुरकुर करायचे. आता करत नाही.

मी आले मेंढरांसाठी. खुटबावचे रखमाजी आबा तेव्हा मेंढरं राखायचे. गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना लस टोचायला शिकवलं आणि मला त्यांच्या हाती दिलं. काय हात होता! एका सुईनं शंभर मेंढरं टोचून व्हायची, पण एक मेंढरू बिचकायचं नाही. पुढे कॅनॉलचं पाणी आलं. आबांनी कळप विकून ऊस लावला आणि मी फळीवर धूळ खात पडले. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

मग गावाला आबांच्या हाताची आठवण झाली. डॉक्टर पाच-पाच इंजेक्शनं लिहून द्यायचे. रोज एस.टी.नं दौंडला कोण जाणार? "आबा, तेवढी सुई द्या की," म्हणत लोक दारात यायचे. आबा मला चुलीवर पातेल्यात चांगलं उकळायचे आणि मगच टोचायचे. घ्यायचे काय, तर घोटभर चहा. "आबांच्या हाताला गुण हाय," असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात फुगायचे.

१९९८ च्या पावसाळ्यात तापाची साथ आली. एका सकाळी ओट्यावर अकरा जण रांगेत बसले. पहिला सावळाराम, नुकताच काविळीतून उठलेला. त्याच्यामागे बांगड्या विकणाऱ्या सुलतानबीची आयेशा, अठरा वर्षांची. सावळारामाला टोचून झालं. मला पुन्हा उकळायचं, तर चूल विझलेली, उरलेलं सरपण भिजलेलं, काही केल्या पेटेना.

"अवं, जरा थांबा की," आबांच्या बायकोनं, सखूबाईंनी आतून हाक दिली.

"शंभर मेंढरं टोचलीत म्या एका सुईनं. काय झालंय का कवा?" असं म्हणून आबांनी मला आणि सुईला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. अरे देवा, मला ओरडता आलं असतं तर! बाहेरून मी चकचकीत झाले, पण आत शिरलेला सावळारामाचा रोग आतच राहिला. तशीच मी पुढच्या दहा जणांना टोचली गेले.

दिवाळीच्या तोंडावर त्यातल्या सहा जणांना कावीळ झाली. पाच जण उठले. आयेशा गेली.

सरकारी डॉक्टर चौकशीला आले, मागोमाग पोलीस येणार हे कळलं. "आबा, हिरीत टाका ती. कुनी बी नाव घ्यायचं न्हाई," भावकीनं सांगितलं. आबा दिवसभर मला हातात धरून बसले. मग उठले आणि स्वतःच चौकीत गेले. "हिच्यानंच टोचलं, साहेब," म्हणाले, आणि हमसून हमसून रडले.

खटला उभा राहिला. आरोप असा, की आबांनी निष्काळजीपणानं रोग पसरवला आणि ते एका मुलीच्या मरणाला कारण झाले. मी टेबलावर होते. वकिलांनी सुलतानबीला विचारलं, "आबांनी हे मुद्दाम केलं का?"

"न्हाई, साहेब. त्यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलीय." मग ती आबांकडे वळली. "पन चूल पेटंस्तवर थांबाया पायजे हुतं. माझी पोर थांबली असती."

आबांच्या मनात वाईट नव्हतं, हे कोर्टानं मानलं. तरीही एक वर्षाची शिक्षा झाली. आबांनी मान खाली घालून हात जोडले, ते न्यायाधीशांना नव्हे, सुलतानबीला.

मित्रांनो, आपल्या हातून एकाचा रोग दुसऱ्याला जाऊ न देणं हे आपलंच काम आहे. माया असली म्हणून ते टळत नाही. आणि टोचून घेण्याआधी विचारत जा, सुई नवी आहे का, उकळली आहे का. लाजू नका. त्या दिवशी रांगेत कुणीच विचारलं नाही. आयेशानं मात्र आधी माझ्याकडे पाहिलं, मग न पेटलेल्या चुलीकडे. प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण आबांसारख्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं, म्हणून तिनं मुकाट्यानं बाही वर केली.