चार कोरे चौकोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि लोक ज्याला माझा दोष म्हणत, त्याच्याच बळावर मी नोकरीला लागलो. मी फार हळू चालतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी बरा होतो. पाच-सहा वर्षांत सगळंच जड होत गेलं आणि साधं पान उघडतानाही मला धाप लागू लागली. पहिल्या मालकाने मला दुरुस्तीच्या दुकानात सोडून दिलं. तिथे चार्जरच्या गुंत्यात पडून असताना एक दिवस ताई आली.

"हा नका घेऊ ताई," दुकानदार म्हणाला. "तुम्हीच उद्या परत आणाल. याच्या दुप्पट वेगाचा दाखवतो."

"मला हाच हवा. याच्याहून हळू असेल तर तोही दाखवा."

दुकानदाराने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला पिशवीत घातलं.

ताई घरी बसून एकटीच छोटे छोटे खेळ तयार करायची. ब्राउझरमध्ये चालणारे. काही उतरवून घ्यायला नको, नाव-नंबर द्यायला नको. लिंक उघडली की खेळ सुरू. तिच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकीच्या कट्ट्यावर मी. खेळात काही बदल केला की ती तो आधी माझ्यावर चालवून बघे. माझ्यावर चालला, तर जगात कुठेही चालेल, असा तिचा हिशेब होता. खेळांची चित्रं काढणारी तिची मैत्रीण मला 'आजोबा' म्हणायची. "आजोबांना विचारलंस का? आजोबा अडकले तर माझे ढग लहान करते," असं ती खरंच विचारायची. मी अडकलो की दोघी कामाला लागत. मित्रांनो, आपल्या अडकण्याला एवढा मान फार थोड्यांना मिळतो.

या चाचणीत एक काम सारखं करावं लागे. पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला खेळ कसा दिसेल हे बघायचं, तर मला आधीचं सगळं विसरायला लावावं लागे. सेटिंग, साइटच्या नोंदी, पुसा. तीन वेळा बोट टेकवायचं, की मी कोरा. दिवसातून दहा वेळा ती हे करी आणि बोलताबोलता करी. तिचं बोट आपोआप तिथे जाई.

तिचा सर्वांत चांगला खेळ म्हणजे 'उन्हाची वाट'. चौकटीत ढग असतात, खाली एक रोप. ढग सरकवून उन्हाला रोपापर्यंत पोचवायचं. रोज एकच कोडं. सुटलं की महिन्याच्या तक्त्यात त्या दिवसाचा चौकोन पिवळा होतो. नाही सोडवलं, तर कोरा राहतो. शेवटच्या थांब्यावर बस उभी असताना खेळणाऱ्या एका चालकाने तिला लिहिलं होतं, 'रोज दहा मिनिटं डोकं थंड होतं.' ते पत्र तिने भिंतीला चिकटवलं. लोकांची माहिती आपल्याकडे साठवायची नाही, हा तिचा नियम होता. त्यामुळे ज्याची नोंद त्याच्याच ब्राउझरच्या पोटात राही. दुसरी प्रत कुठेच नसे. ती ठेवता येईल असं बटण करायचं तिच्या यादीत होतं. यादीत ते वर्षभर होतं.

मग आप्पा आमच्याकडे राहायला आले. आप्पा म्हणजे ताईचे वडील. त्यांनी छत्तीस वर्षं हवामान केंद्रावर निरीक्षकाचं काम केलं होतं. रोज सकाळी ठरल्या वेळी तापमान, पाऊस, वारा मोजायचा आणि वहीत लिहायचा. आता त्यांना गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. जुन्या नव्हे, कालच्या. डॉक्टरांनी सांगितलं, रोज डोक्याला थोडं काम द्या.

ताईने त्यांना आपला नवा फोन दिला. त्यांना तो पटेना. बोट उचलायच्या आत ढग पळतात म्हणाले. मग त्यांनी मला हातात घेतलं.

"हा बरा आहे गं ठमे. माझ्याच वेगाचा आहे."

"आप्पा, तो कामाचा फोन आहे."

"मग मी कामच करतोय."

ताई हसली आणि मी आप्पांचा झालो. चाचणीला लागलो तर दुपारी, ते झोपलेले असताना. आणि नोंदी पुसायच्या नाहीत, हे ती स्वतःलाच मोठ्याने बजावी.

सकाळी चहाचा कप बाजूला सारून आप्पा मला समोर ठेवत. आधी कोडं नव्हे, आधी तक्ता. बोटाने मागे मागे जात. "काल झालं होतं," असं स्वतःशी म्हणत. मगच आजचं कोडं. काल काय खाल्लं, कोण आलं, फोनवर कोण बोललं, हे त्यांना सांगता येत नसे. पण काल आपण होतो आणि डोकं चालत होतं, याचा पुरावा माझ्याजवळ होता. तो बघितला की ते एकटे दूध आणायला जात, नाक्यावरच्या न्हाव्याशी हवेवर वाद घालत, आणि घर न चुकता परत येत.

एकशे त्रेसष्ट दिवस झाले. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आप्पांनी मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"एकशे एकोणसाठ पिवळे. चार कोरे. तीन तुमच्या दवाखान्यातले, ताप होता तेव्हाचे. एक माझा."

"तुमचा म्हणजे?"

"विसरलो. दुसरं काय."

डॉक्टर म्हणाले, "अशी नोंद मला एकही पेशंट देत नाही."

त्याच दुपारी ताई नवी सुरुवात तपासत होती. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीचा धडा तिने बदलला होता आणि मैत्रीण फोनवर घाई करत होती. "आजोबांवर बघितलंस का?" ताईने स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेल्या मला उचललं. मैत्रिणीशी बोलताबोलता तिचं बोट तीनदा टेकलं. सेटिंग, साइटच्या नोंदी, पुसा. धडा नीट चालला. "झकास," ती म्हणाली, मला परत चार्जिंगला लावलं आणि कामाला गेली. तिला कळलंसुद्धा नाही. आणि मला बोलता येत नाही, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला उघडलं. माझ्या पडद्यावर अक्षरं आली: 'या! हा तुमचा पहिला दिवस.'

त्यांनी धडा पूर्ण केला. ढग कसा सरकवायचा हे मी सांगितलं आणि त्यांनी ते निमूटपणे शिकून घेतलं. मग आजचं कोडं सोडवलं. एक चौकोन पिवळा झाला. मग बोटाने मागे गेले. कोरं. आणखी मागे. कोरं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं.

त्यांनी ताईला हाक मारली नाही. मला टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण हळूच लावला.

त्यानंतर मला फक्त आवाज ऐकू येत. "मी जेवलो का गं?" असा. "दूध तूच आण, मला नाही जमायचं," असा. ताई म्हणायची, "आप्पा, काल तर गेला होतात." ते म्हणायचे, "गेलो असेन."

नवव्या दिवशी ताईला मी कामासाठी हवा होतो. तिने तक्ता उघडला. एकच पिवळा चौकोन. ती खुर्चीत बसली. तीनदा टेकलेलं स्वतःचं बोट तिला आठवलं. मग तिने मला तारेने आपल्या संगणकाला जोडलं आणि प्रोग्रामची एक ओळ लिहिली. पहिल्या दिवसापासून नोंदी पुसल्या त्या दिवसापर्यंतचे सगळे चौकोन पिवळे झाले. तिचा हेतू वाईट नव्हता. तिला घाई झाली होती.

"आप्पा, तुमच्या नोंदी सापडल्या. फोनमध्ये बिघाड होता."

आप्पांनी मला हातात घेतलं. एकेक महिना बघत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथे तीन कोरे होते. दवाखान्यातले."

ताई तार गुंडाळू लागली.

"आणि पुढच्या महिन्यात एक. माझा." त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "हे तू भरलंस."

"हो."

"केंद्रावर एकाने असं केलं होतं. आजारी होता, चार दिवसांचं तापमान अंदाजाने भरलं. त्याची मग सबंध वर्षाची वही बाद केली. कुठलं खरं, कोण सांगणार?"

तेव्हा ताईने सगळं सांगितलं. दुपार, मैत्रिणीचा फोन, तीनदा टेकलेलं बोट. "खऱ्या नोंदी होत्या आप्पा. तुम्हीच सोडवलं सगळं. माझ्या हातून पुसलं गेलं."

"हे भरायला किती वेळ लागला तुला?"

"मिनिटभर."

"मग आधीचं कशावरून तूच भरलेलं नव्हतं? मला बरं वाटावं म्हणून?"

"तुम्हाला ते चार कोरे अजून आठवतात आप्पा. डोकं चालत नसतं तर आठवले असते का?"

आप्पा तिच्याकडे बघून हसले. ती लहान असताना चुकीचं उत्तर जोरात सांगे, तेव्हा असेच हसत असावेत.

"कोरे आठवतात गं," ते म्हणाले. "पिवळा एकही आठवत नाही."

ताईने त्याच आठवड्यात ते बटण केलं. आता नोंदी पुसण्याआधी खेळ दोनदा विचारतो आणि प्रत काढून देतो. त्या बसचालकाचे चौकोन सुखरूप आहेत. ती रोज सकाळी आप्पांच्या शेजारी बसून नव्या फोनवर कोडं उघडते. "तुम्ही सोडवा ना." "तू सोडव, मी बघतो," ते म्हणतात. कधीतरी त्यांचं बोट टेबलावर जरासं सरकल्याचा आवाज मला खणात येतो आणि लगेच थांबतो. एकटे बाहेर जाणं त्यांनी सोडलं आहे.

मी खणात आहे. मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. मला आप्पांकडे देताना ताईने काचेवर नवीन प्लॅस्टिकचं आवरण लावलं होतं. त्यावर उजव्या बाजूला, जिथून ढग सरकवतात तिथे, एक गुळगुळीत पट्टा घासला गेला आहे. त्यांच्या बोटाएवढा रुंद. तो एका मिनिटात पडत नाही. पाच-सहा महिने रोज बोट फिरवावं लागतं. समोरून बघितलं तर दिसत नाही, म्हणून दोघांनाही दिसला नाही. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलंच, तर खण उघडा, मला खिडकीशी न्या, उजेडात जरा तिरपं धरा, आणि आप्पांना हाक मारा.