समईशेजारचा फोटो

भैय्याजी डाखोळे यांनी सारी नोकरी मान खाली घालून केली. सेक्टर 2 मधलं घर, पोलाद प्लांटच्या स्टोअरमधलं टेबल आणि या दोहोंमधला सरळ रस्ता, एवढीच त्यांची भिलाई. घरात पुस्तकं भरपूर. हिमालयापासून अंदमानपर्यंतची प्रवासवर्णनं त्यांनी पलंगावर पडून वाचली होती, पण अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा म्हटलं की ते तसेच पुढे चालत राहायचे. दुकानदारानं सडका कांदा दिला तरी हा माणूस त्याचे आभार मानून येतो, असं त्यांच्या पत्नी विजयाताई चारचौघांत सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

निवृत्तीनंतर मुलानं, अभिनवनं, स्वतःला नवीन कॅमेरा घेतला आणि जुना वडिलांच्या टेबलावर ठेवून तो हैदराबादला निघून गेला. भैय्याजींनी आठवडाभर त्याला हात लावला नाही. मग एका सकाळी अंगणातल्या शेवग्याच्या शेंगेवर दव दिसलं, आणि त्यांनी भीत भीत बटन दाबलं.

तिथून जे सुरू झालं ते त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. कॅमेरा डोळ्याला लावला की भीती कुठे जायची कोण जाणे. प्लांटमागचं संध्याकाळचं आभाळ तांबडं होतं, हे इतकी वर्षं डोक्यावर असून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सायकल काढून ते कॅम्प-1 या कामगारवस्तीत जाऊ लागले. टाऊनशिपमधली माणसं तिथं भाजी घ्यायला जातात आणि पिशवी भरली की परततात. भैय्याजी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत शिरले. छपरावर वाळत घातलेल्या डाळीच्या वड्या, बकरीला साबण लावणारी पोरं, शिलाई मशीनवर डोकं टेकून झोपलेला शिंपी. घरी येऊन ते विजयाताईंना एकेक फोटो दाखवत आणि जेवण गार होऊन जाई. सायकलनं पोचता येईल इतक्या अंतरावर एवढं जग होतं, आणि आपण पलंगावर पडून अंदमान वाचत राहिलो, याचं त्यांना हसू येई.

तिथल्याच एका गल्लीत गुलाबराव भेटले. मूळचे गोंदियाकडचे, रेल्वेत, दुर्ग लाइनवर रूळ सांभाळणारे गँगमन होते. आता छातीनं दगा दिला होता. दारात खाट टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेत बसायचे. कॅमेरा पाहून म्हणाले, "आमच्या थोबाडाचा फोटो काढून राहिले? मशीन खराब होईन जी तुमचं."

भैय्याजी हसले आणि खाटेच्या कोपऱ्यावर बसले. असं कोणाच्या दारात बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मग रोजचंच झालं. गुलाबरावांच्या बायकोला, ठकूबाईंना, आधी संशय होता. पुढे त्या चहाही देऊ लागल्या. एकदा नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "चांगला येऊ द्या भाऊ. यायचा एकबी फोटो नाही घरात. रेल्वेच्या पासावरचा आहे, त्यात चोरावानी दिसते."

मग एका दुपारी तो फोटो मिळाला. गुलाबराव कशालातरी खळखळून हसत होते, उजेड एका बाजूनं आला होता, आणि मागच्या अंधारातून चहाचा ग्लास धरलेला ठकूबाईंचा हात तेवढा पुढे आला होता, बांगड्यांसकट. भैय्याजींनी तो घरी कितीदा पाहिला असेल. गल्लीत मात्र तो दाखवला नाही, एकदम मोठा करूनच दाखवायचा होता. आपल्यालाही काही जमलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

गणपतीत मराठी मंडळानं त्यांना फोटोंच्या प्रदर्शनासाठी हॉलची एक भिंत दिली. मंडळाचे सचिव प्रफुल्ल घाटोळे यांनी सगळे फोटो कृष्णधवल करून काळ्या फ्रेममध्ये बसवायला सांगितलं; रंगीत फोटो मोबाइलचे वाटतात म्हणे. गुलाबरावांचा फोटो सगळ्यांत मोठा. तो भिंतीवर मावेना, म्हणून प्रफुल्लनं तो स्टेजजवळच्या टेबलावर, समईशेजारी ठेवला.

गुलाबरावांना हॉलपर्यंत चालवणार नव्हतं. त्यांनी ठकूबाईंना पाठवायचं कबूल केलं होतं: ती पाहून येईन अन् मले सांगन.

मंडळाचा शिपाई चिंधू अनेक वर्षं एकच काम बिनचूक करत आला होता. कार्यक्रम असला की समईत तेल घालायचं, आणि समईशेजारी ज्यांचा फोटो असेल त्यांना हार घालायचा. आजवर तिथं जिवंत माणसाचा फोटो कधी ठेवलाच नव्हता. चिंधूनं काळी फ्रेम पुसली, झेंडूचा जाड हार घातला, कपाळी कुंकू लावलं आणि उदबत्ती खोचली.

भैय्याजी आले तेव्हा प्रमुख पाहुणे समईपाशी पोचले होते. ते प्रफुल्लच्या कानाशी गेले आणि पुटपुटले, की अहो, हे गृहस्थ जिवंत आहेत.

प्रफुल्लनं समोर बघून हसत, ओठ न हलवता उत्तर दिलं. "पाहुण्यांनी हात जोडले भैय्याजी. आता हार काढला तर त्यायची लाज जाईन अन् मंडळाचीबी. कार्यक्रम झाल्यावर काढू. कोण वळखते इथं त्याले?"

पाहुण्यांनी फूल वाहिलं. मग अध्यक्षांनी. मग रांगच लागली. बायका डोक्यावर पदर घेऊन नमस्कार करू लागल्या. माइकवरून भैय्याजींचं नाव पुकारलं गेलं, आपल्या वसाहतीतले थोर कलावंत म्हणून. टाळ्या झाल्या. त्यांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कोणीतरी हातात फूल दिलं. हे थांबवायला एका शब्दाचं काम होतं. भैय्याजी पुढे झाले, फूल वाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

वळले तर दारात ठकूबाई उभ्या होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी फोटो पाहिला, हार पाहिला, भैय्याजींचे जोडलेले हात पाहिले. चपला पायात सरकवल्या आणि निघून गेल्या.

हार कार्यक्रम संपल्यावर निघाला. अपमान तर नाही ना केला, हारच घातला, असं म्हणून प्रफुल्लनं विषय संपवला. भैय्याजींनी घरी येऊन फोटो फ्रेममधून काढला आणि फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॅम्प-1 मध्ये गेले. ठकूबाईंनी गल्लीच्या तोंडाशी, नळावरच त्यांना अडवलं.

"त्यायले सांगू नका. रात्री तसेही झोपत नाही ते." मग कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "यातला मिटवा."

भैय्याजींनी मागच्या काचेवर फोटो आणला. ठकूबाईंनी वाकून पाहिलं. हाराशिवायचा तो फोटो त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. नवऱ्याचं हसू पाहिलं, स्वतःचा हात ओळखला. बराच वेळ पाहिलं.

"चांगला होता," त्या म्हणाल्या. "मिटवा."

त्यांनी पुसून टाकला. घरच्या कॉम्प्युटरवर एक आहे, तोही पुसतो, असं आपणहून सांगितलं. ठकूबाईंनी मान हलवली आणि घागर उचलली.

तेवढ्यात खाटेवरून हाक आली. गुलाबरावांनी त्यांना पाहिलं होतं. जावंच लागलं.

"हिले काल विचारलं, तर म्हणे आमचा फोटो लावलाच नाही. कावून जी?"

ठकूबाई मागे दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बिघडला," भैय्याजी म्हणाले. "मला नीट जमला नाही."

गुलाबराव खोकला लागेपर्यंत हसले. "एवढे दिवस घासून राहिले अन् बिघडला? जाऊ द्या, मन छोटं नका करू. दुसरा काढा." त्यांनी सदऱ्याची बटनं लावली, केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसले. उजेड त्या दुपारसारखाच बाजूनं येत होता.

भैय्याजींनी ठकूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नको म्हटलं नाही, पण पदर तोंडाशी घट्ट धरला होता. भैय्याजींनी कॅमेरा बंद केला, डोळ्याला लावला आणि बटन दाबलं. आत काळोख होता.

"आला?"

"आला."

"मंग मोठा करून आना. ह्या भिंतीवर लावू," गुलाबराव म्हणाले. ठकूबाई बंद कॅमेऱ्याकडे एकदा पाहून आत निघून गेल्या, आणि त्या दिवशी चहा आला नाही.