बिनअर्थिंगच्या भिंती

सर बोलत होते आणि स्वरालीची बोटं त्यांच्या मागोमाग धावत होती. विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला या दृश्याची आता सवय झाली होती. ऋग्वेदला लहानपणी मेंदूज्वर झाला, त्यात ऐकू येणं कायमचं गेलं. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. त्यामुळे वर्गात जे काही बोललं जाईल ते स्वराली लॅपटॉपवर टाइप करायची आणि शेजारी बसून ऋग्वेद ते पडद्यावर वाचायचा. स्वराली मूळची मिरजेची. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायला चंडीगडला आली आणि टायपिंगच्या वेगापायी या कामाला जुंपली गेली. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की हिचं वाक्य पुरं झालेलं असायचं.

पण गेल्या काही दिवसांत घोळ सुरू झाला होता. 'फॉसिल' शब्दातला पहिलाच एफ उमटला आणि उमटतच राहिला. एफ एफ एफ करत ओळ भरली, दुसरी ओळ सुरू झाली. स्वरालीने ती खोडेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

"दीदी, सर हकलाते हैं क्या?" ऋग्वेदने विचारलं. त्याचे आईवडील दोघेही इथल्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर. घरात मराठी चालायची, पण हा सगळं समजून उत्तर द्यायचा हिंदीत.

"सर नाही, माझा कीबोर्ड तोतरा झालाय," स्वरालीने टाइप केलं आणि 'झालाय'मधला शेवटचा य पडद्यावरून खाली उतरत गेला.

ऋग्वेद हसला, पण त्याला त्या तासाचा अर्धा भाग कळला नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. शिवालिकच्या टेकड्यांतल्या जीवाश्मांवर त्याने प्रबंध लिहिला होता आणि त्याची खुली मौखिक परीक्षा, म्हणजे वायवा, तोंडावर आली होती. विभागप्रमुखांनी भल्या मनाने तोडगा सुचवला: परीक्षक प्रश्न कागदावर लिहून देतील, ऋग्वेदने वाचून उत्तरं द्यावीत.

"सबसे बात करेंगे और मुझे चिट्ठी?" ऋग्वेद भडकला. "परीक्षक आपसात काय बोलले, कोण हसलं, कोणी मध्येच तोंड घातलं, ते कोण लिहून देणार? मला पूर्ण वायवा पाहिजे." राग आला की तो मराठीवर यायचा.

प्रमुख म्हणाले, ठीक आहे. पण यंत्र भरवशाचं असेल तरच.

दुसऱ्या लॅपटॉपचा विचार स्वरालीने करून पाहिला होता. पण तिचा वेग नुसता बोटांचा नव्हता. अवघड शब्दांसाठी तिने वर्षानुवर्षं जमवलेली संक्षेपांची घडी या यंत्रावर बसलेली होती, आणि हाताखालची कळ ओळखीची नसली की तिचा वेग निम्म्यावर यायचा. लॅपटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टिम मुक्त होती, म्हणजे जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही आतून उघडून बघावी अशी. सिस्टिमविषयीच्या तक्रारींसाठी एक जाहीर पान होतं. स्वरालीने तिथे जाऊन मनातली सगळी आग ओकली. शेवटी लिहिलं, 'फुकट आहे म्हणून लोकांनी काहीही चालवून घ्यायचं का?'

तासाभरात उत्तर आलं. 'नाही घ्यायचं. कृपया सांगा: कळ अडकते तेव्हा बोट टचपॅडला लागलेलं असतं का? टचपॅड सेटिंगमधून बंद केल्यावरही असं होतं का? आत काय घडतं ते टिपणारी सोबतची नोंद सुरू करा आणि कळ अडकेल तेव्हा ती मला पाठवा.' खाली सही होती सुनेत्रा अशी. तिच्या नावापुढे लिहिलं होतं की कीबोर्ड आणि टचपॅड यांच्या ड्रायव्हरची देखभाल ती करते. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा सुटा भाग आणि सिस्टिम यांच्यामधला दुभाषा. सहीखाली आणखी एक ओळ होती: 'सध्या मुक्काम चंडीगड. जवळपास कुणाकडे बिघडलेलं यंत्र असेल तर प्रत्यक्ष बघायला आवडेल.'

स्वरालीने ती ओळ दोनदा वाचली. मग तिला आपल्या तक्रारीतली भाषा आठवली आणि कान गरम झाले.

सुनेत्राताई हवाई दलाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मूळच्या अमरावतीच्या. नवरा, ग्रुप कॅप्टन अविनाश, बदली होईल तिथे जाणार आणि मागोमाग यांचं बिऱ्हाड. दर बदलीला एक नोकरी सोडायची हे काही वर्षं झाल्यावर त्यांनी नोकरीचाच नाद सोडला. हे काम तेवढं राहिलं, कारण ते कुठल्याही गावाहून करता येत होतं आणि कुणी त्यांना त्यावरून काढू शकत नव्हतं. पगारही नव्हता, हे ओघाने आलंच.

"ये गं. तूच का ती 'काहीही चालवून घ्यायचं का'वाली?" त्यांनी दारातच विचारलं.

"मॅडम, सॉरी, मी जरा..."

"अगं, बरोबर लिहिलंस. आणि मॅडम काहून म्हणतेस? ताई म्हण."

लॅपटॉप लावला. स्वरालीने टाइप केलं, ताईंनी केलं. चहा आला, चिवडा आला. सूर्य कलला तरी एकही कळ अडकली नाही. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबावी तसं झालं.

"तिथे खरंच होतं हो," स्वराली काकुळतीला आली.

"होत नाही असं कोण म्हणून राहिलं? नोंदीत दिसतंय मला. फक्त माझ्या घरात होत नाही. चल, तुझ्या जागेवर बघू."

"जा, जा," अविनाश आतून म्हणाले. "माझ्या ताब्यात अख्खा तळ आहे, पण रजा मिळते मला. हिला त्या टचपॅडने आजवर एक रजा मंजूर केली नाही."

दुसऱ्या दिवशी ताई वर्गात येऊन स्वरालीच्या बाकावर बसल्या. लॅपटॉप जोडला, टाइप करायला घेतलं आणि चौथ्या-पाचव्या शब्दाला कळ अडकली. त्यांचा चेहरा उजळला. बिघाड सापडला म्हणून इतकं खूश होणारं माणूस स्वरालीने पाहिलं नव्हतं. त्यांनी चार्जर काढला, अडकणं थांबलं. लावला, सुरू झालं. पुन्हा काढला, पुन्हा लावला. मग लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट हलकेच फिरवलं आणि झटकन उचललं.

"हे काय? झिणझिण्या येतात!"

"ते होय? ते येतातच ना," स्वराली म्हणाली. "सगळ्याच लॅपटॉपना येतात. खोलीवरही येतात माझ्या, मनीमाजऱ्याला."

"येतातच?" ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या वाकल्या आणि बाकाखालचा एक्स्टेंशन बोर्ड ओढून काढला. त्याच्या प्लगची तिसरी, जाडी पिन कुणीतरी मुळापासून उडवली होती. भिंतीतलं सॉकेट जुनं, दोन भोकांचं. प्लग बसेना म्हणून केलेली सोय.

ताई बोर्ड हातात धरून बाकावर बसल्या आणि तुटक्या पिनेच्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या.

"ताई? काय झालं?"

"अर्थिंग नाही," त्या म्हणाल्या. "अर्थिंग नसलं की चार्जरमधून गळणारा थोडासा करंट जमिनीत न जाता लॅपटॉपच्या अंगावर राहतो. टचपॅडला वाटतं, बोटं लागली. मग ते ओरडत सुटतं, इथे बोट, तिथे बोट. या जुन्या यंत्रात कीबोर्ड आणि टचपॅड दोघंही एकाच दारातून आत येतात. दारात ही गर्दी. तू कळ दाबलीस तो निरोप आत गेला, सोडलीस तो निरोप गर्दीत चेंगरला. सिस्टिम समजते, बाईने कळ अजून दाबूनच धरलीय."

"पण मी टचपॅड बंद केलं होतं."

"तू बंद केलंस म्हणजे सिस्टिमने कानात बोळे घातले. ते ओरडायचं थोडंच थांबलं?" मग त्या सावकाश म्हणाल्या, "ही तक्रार मला कित्येकदा आली होती गं. कुणी नागपूरहून, एक तर पेरू देशातल्या शाळामास्तरकडून. दरवेळी मी घरी तपासलं आणि लिहिलं, माझ्याकडे असं होत नाही. कसं होईल? हवाई दलाच्या क्वार्टरचं अर्थिंग आहे ते! ज्या गावी गेले तिथे भिंती मला चोखच मिळाल्या."

स्वरालीला आपलं काम झाल्याचा आनंद लपवता येईना. "म्हणजे बोर्ड बदलला की झालं!"

"बोर्ड आजच बदल आणि अर्थिंग असलेल्या तीन भोकांच्या सॉकेटातच लाव. झिणझिण्यांची सवय करून घ्यायची नसते," ताई म्हणाल्या. "पण झालं नाही. पेरूतल्या त्या मास्तरला काय सांगू, घर पाडून पुन्हा बांध? भिंत त्याच्या हातात नाही. ड्रायव्हर माझ्या हातात आहे." आणि तो मोडका बोर्ड त्यांनी पदराआड धरावा तसा जपून पिशवीत घातला. "हा मी नेते. असा गुणी बोर्ड मला शोधून मिळाला नसता."

त्यानंतरचे दिवस स्वरालीने लांबून पाहिले. जाहीर पानावर सगळं उघडच होतं. ताईंनी ड्रायव्हरला नवं शिकवलं: टचपॅड निरर्थक ओरडू लागलं की नुसते कान झाकू नकोस, त्यालाच गप्प राहायचा हुकूम दे, टायपिंग थांबलं की पुन्हा बोलू दे. मग प्रत्येक जुन्या तक्रारदाराला त्यांनी स्वतंत्र उत्तर लिहिलं. 'तुमचं बरोबर होतं. मी चुकीच्या भिंतीवर तपासत होते. जमलं तर ही दुरुस्ती लावून बघाल का?' सगळ्यांना एकच मजकूर चिकटवला नव्हता. कुणाचं यंत्र कुठलं, त्याने तेव्हा काय लिहिलं होतं, ते वाचून लिहिलं होतं. काही लोक केव्हाच दुसरीकडे गेले होते. काहींनी मात्र उत्तर दिलं. पेरूच्या मास्तरांनी लिहिलं, आता वर्गात माझं हसं होत नाही.

स्वरालीच्या लॅपटॉपवरही दुरुस्ती बसली. ताईंनी आणलेल्या त्याच विनापिनेच्या बोर्डावर मुद्दाम लावून पाहिलं. कळ अडकली नाही. विभागप्रमुखांनी येऊन खात्री केली आणि वायवा पूर्ण तोंडीच होईल असं ठरलं. आता ही दुरुस्ती सगळ्या जगाला मिळणार, अशी घोषणा स्वराली ताईंच्या पानावर शोधत होती. त्याऐवजी दिसलं की ताईंनी ती मागे घेतली आहे.

तिने फोन लावला. "ताई, चालतंय की! सगळ्यांकडे चालतंय!"

"एका बाईकडे नाही चालत. जुनं यंत्र आहे तिचं. झाकण मिटून उघडलं की टचपॅड गप्पच राहतं. गप्प हो सांगितलेलं त्याला कळतं, बोल सांगितलेलं कळत नाही."

"एक बाई? एकीसाठी बाकीच्यांना थांबवायचं?"

"तिचं टचपॅड काल चालत होतं, स्वराली. माझ्यामुळे आज बंद पडलं. आमच्याकडे एकच मोठा नियम आहे, चालत्या माणसाला आपण अडखळवायचं नाही. नवीन सोय उशिरा मिळाली तर लोक वाट बघतात. होतं ते गेलं, तर ते विश्वास ठेवत नाहीत."

"आणि ऋग्वेदचं?"

"तुझ्या यंत्रावर आहे ती राहू दे ना. तुझं झाकण मी स्वतः मिटून उघडून पाहिलंय. तू घाबरू नको."

त्या बाईला आपलं यंत्र ताईंकडे पाठवता येण्यासारखं नव्हतं. ती होती कुठल्याशा दूरच्या खेड्यातली दुभाषी, आणि इंग्रजी जेमतेम. ताईंनी तिला सोप्या वाक्यांत एकेक पायरी सांगितली, तिने प्रत्येक वेळी झाकण मिटलं, उघडलं आणि कळवलं: नाही, अजून नाही. स्वरालीला वाचतानाच थकवा यायचा. ताईंच्या उत्तरात कंटाळ्याची रेघ नव्हती. प्रत्येक 'नाही'बद्दल त्या तिचे आभार मानत होत्या. शेवटी कळलं की त्या यंत्राला जागं करायला हुकूम आधी एकदा वाया घालवावा लागतो, दुसरा ते ऐकतं. ताईंनी तेवढी तजवीज केली. बाईने कळवलं, 'हो.' मग दुरुस्ती पुन्हा दाखल झाली.

वायवाच्या सकाळी प्रोजेक्टर बिघडला म्हणून सगळ्यांना शेजारच्या जुन्या सभागृहात हलवलं. स्वरालीने आपला नवा बोर्ड लावला, लॅपटॉप उघडला आणि कडेवर हात टेकताच तिच्या मनगटाला झिणझिण्या आल्या. बोर्ड चोख होता. भिंतीतच अर्थिंग नव्हतं. चार्जर काढावा तर बॅटरी म्हातारी, अर्धा तासही टिकायची नाही. खुर्च्या भरल्या होत्या. ऋग्वेदचे आईवडील दुसऱ्या रांगेत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सुरू करायचं?"

ऋग्वेदने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

परीक्षक भरभर बोलणारे निघाले. प्रश्नात प्रश्न, त्याला उपप्रश्न, मध्येच आठवण आली म्हणून एक किस्सा. स्वरालीने पहिल्या काही वाक्यांना श्वास रोखून धरला. प्रत्येक कळ दाबताना तिला ती सुटल्याची वाट बघावीशी वाटत होती. कळा सुटत होत्या. थोड्या वेळाने तिने मनगटाकडे लक्ष देणं सोडलं, मग कळांकडेही. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "अब फँसा". तिने तेही टाइप केलं, कंसात 'तिसरी रांग' असं घालून. ऋग्वेद त्या दिशेला वळून म्हणाला, "नहीं फँसा, सुनो," आणि आपण दातांच्या झिजेवरून हरणाचं वय कसं काढलं ते सांगू लागला. परीक्षकांनी मध्येच तोडलं, याने उलट तोडलं. एका जबड्याच्या तुकड्यावरून दोघांची अशी जुंपली की दोघं एकाच वेळी बोलायला लागले आणि तिला दोघांचंही लिहावं लागलं. पडद्यावर ओळीमागून ओळ चढत गेली. एकही अक्षर लांबलं नाही.

मग परीक्षकांनी कागद सरळ केले, प्रमुखांच्या कानाशी लागले, उठून उभे राहिले आणि सभागृहाकडे बघत, एकेक शब्द तोलत निकालाचं वाक्य सुरू केलं. ते संथ बोलत होते, स्वराली त्यांच्या शब्दाला शब्द भिडवून होती. 'डॉक्टर' हा शब्द त्यांच्या तोंडून पुरा होतो न होतो तोच पडद्यावर उमटला. टाळ्या वाजायच्या आत ऋग्वेद खुर्चीतून उठला होता.